वशिला न मानणारे बिशप : रॉबर्ट ग्रोसटेस्ट



चरित्राच्या पानावर आपण बहुधा आपल्याच देशातील संत, समाजसुधारक आणि शास्त्रज्ञ यांची ओळख करून घेतो. या वेळी जरा दूर जाऊ या, सातासमुद्रापलीकडे आणि सुमारे आठशे वर्षे मागे. इंग्लंडमध्ये लिंकन नावाचे एक जुने शहर आहे. तेथे इ. स. १२३५ ते १२५३ अशी अठरा वर्षे रॉबर्ट ग्रोसटेस्ट हे बिशप होते. बिशप म्हणजे ख्रिस्ती धर्मातील एका मोठ्या प्रांताचे मुख्य धर्मगुरू. तेव्हा पश्चिम युरोपात सर्वत्र कॅथलिक पंथच होता आणि रोमचे पोप हे त्याचे सर्वोच्च प्रमुख. बिशपचे पद म्हणजे मान, जमीनजुमला आणि राजदरबारात बसण्याची जागा. अशी पदे सहसा बड्या घराण्यांतील मुलांकडे जात. ग्रोसटेस्ट मात्र सफक परगण्यातील एका गरीब घरात, इ. स. ११७० च्या सुमारास जन्मले.

त्यांच्या आडनावाचा जुन्या फ्रेंच भाषेतील अर्थ आहे मोठे डोके. (हे वाचून वर्गात हशा पिकणार, हे मला ठाऊक आहे. पिकू द्या. पुढचे वाचल्यावर ते नाव त्यांना शोभून दिसते.)

त्यांच्या बालपणाच्या फार थोड्या गोष्टी नोंदलेल्या आहेत. एक आख्यायिका मात्र पुढे बरीच सांगितली जाई. ते बिशप झाल्यावर एका मोठ्या सरदाराने त्यांच्या पंक्तीला जेवताना आश्चर्य व्यक्त केले, की इतक्या हलक्या कुळातील माणसाला असे राजघराण्यातले रीतिरिवाज कोठून आले. ग्रोसटेस्ट रागावले नाहीत. आपले आईवडील साधेच होते हे त्यांनी मान्य केले, आणि सांगितले की लहानपणापासून धर्मग्रंथांतील थोर माणसांच्या संगतीत राहिलो, त्यांचे पाहून वागायला शिकलो. पुस्तकांची संगत ही काही केवळ परीक्षेपुरती नसते, हे ज्यांना रोज सांगावे लागते त्या आम्हा शिक्षकांना ही गोष्ट फार उपयोगी पडते.

तरुणपणी, ११९० नंतरच्या काही वर्षांत, ते हेरेफर्ड येथील बिशपच्या पदरी कामाला होते. तेथे त्यांची शिफारस करणारे एक पत्र त्या काळचे नामवंत लेखक वेल्सचे जेरल्ड यांनी लिहिले होते. मुद्दाम लक्षात घ्या, ज्या माणसाची ओळख आपण वशिला न मानणारा म्हणून करून घेत आहोत, त्याच्या नोकरीच्या सुरुवातीलाही एक चिठ्ठीच होती. पण त्या चिठ्ठीत काय होते? हा तरुण बिशपच्या घरच्या कारभारात, खटल्यांच्या निकालात आणि आरोग्य सांभाळण्यात कामाला येईल, कायदा आणि वैद्यक या दोन्हींत त्याची गती आहे, वर तो विश्वासू आहे, असे त्यात म्हटले होते. हा कोणाचा मुलगा किंवा कोणाचा भाचा, याविषयी त्यात काही नव्हते. शिफारस आणि वशिला यांत हाच फरक आहे, आणि ग्रोसटेस्ट यांनी तो जन्मभर पाळला.

पुढची बरीच वर्षे अध्ययन आणि अध्यापनात गेली. त्या काळी युरोपात एक मोठी घडामोड चालू होती. अ‍ॅरिस्टॉटलचे ग्रंथ, तसेच अरबी पंडितांचे गणित, खगोलशास्त्र आणि वैद्यक हे सारे अरबी व ग्रीकमधून लॅटिनमध्ये उतरत होते, आणि लॅटिन ही सर्व शिकलेल्यांची भाषा होती. नव्या ग्रंथांची जणू लाटच आली होती. पुष्कळ धर्मगुरू तिला बिचकत होते. ग्रोसटेस्ट तिच्यात उतरले. अ‍ॅरिस्टॉटलच्या तर्कशास्त्रावरील एका कठीण ग्रंथावर त्यांनी भाष्य लिहिले. लॅटिनमधील त्या ग्रंथाच्या सुरुवातीच्या भाष्यांत त्याची गणना होते.

त्या भाष्यातील एक उदाहरण विज्ञान घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी अवश्य समजून घ्यावे. स्कॅमनी नावाच्या वेलीच्या मुळापासून एक रेचक औषध काढत. ते घेतले की शरीरातून तांबडे पित्त बाहेर पडते, असा वैद्यांचा अनुभव होता. पण एकापाठोपाठ एक दोन गोष्टी घडल्या म्हणून पहिलीमुळेच दुसरी घडली, असे म्हणता येते का? ग्रोसटेस्ट यांचे म्हणणे असे की, पित्त बाहेर काढणारी दुसरी सर्व कारणे आधी दूर करावीत, मग ते औषध द्यावे, आणि असे पुन्हा पुन्हा करून तोच परिणाम दिसला तरच बुद्धीने सामान्य नियम मांडावा. आज प्रयोगशाळेत आपण बाकीचे घटक स्थिर ठेवून एकच बदलतो, त्याच दिशेचा हा विचार आहे. त्यांनी स्वतः असे प्रयोग किती केले यावर विद्वानांत मतभेद आहेत, आणि त्यांना आधुनिक शास्त्रज्ञ म्हणणे जरा अतिशयोक्तीचे होईल. पण प्रश्न कसा विचारावा हे त्यांना नेमके कळले होते.

त्यांचा सर्वात आवडता विषय म्हणजे प्रकाश. सुमारे १२२५ मध्ये त्यांनी प्रकाशावर एक छोटासा ग्रंथ लिहिला. त्यातील कल्पना विलक्षण आहे. आरंभी प्रकाशाचा एकच बिंदू होता. प्रकाशाचा स्वभावच असा की तो सर्व दिशांना आपोआप पसरतो. त्या पसरण्याबरोबर त्याने द्रव्यालाही ओढत नेले आणि त्यातून विश्वाचा प्रचंड गोल तयार झाला. मग कडेचा प्रकाश उलट मध्याकडे येऊ लागला आणि एकात एक अशी आकाशमंडळे घडत गेली. डरहॅम विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ आणि लॅटिनचे अभ्यासक यांनी एकत्र बसून हा ग्रंथ पुन्हा वाचला, त्यातील विचार गणिताच्या समीकरणांत मांडले आणि २०१४ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. महास्फोटाचा सिद्धान्त त्यांना आधीच माहीत होता असे मात्र कोणी समजू नये. तसे दावे करण्याची आपल्याकडेही फार हौस असते. त्यांचे विश्व पृथ्वीभोवतीच फिरणारे होते. विशेष हे की, विश्व कसे घडले याचे उत्तर काही थोड्या नियमांतून आणि गणितातून काढता येईल, असे त्यांना वाटले.

इंद्रधनुष्याविषयीही त्यांनी लिहिले. रंगांचा तो पट्टा ढगावरून प्रकाश नुसता परावर्तित झाल्याने दिसत नाही, तर किरण पाण्याच्या ओलाव्यातून जाताना वाकतात म्हणून दिसतो, असे त्यांनी मांडले. त्यांचे संपूर्ण स्पष्टीकरण बरोबर नव्हते. ते पुढे इ. स. १३०० नंतरच्या काही वर्षांत जर्मनीत डीट्रिख आणि इराणात कमालुद्दीन फारसी यांनी, एकमेकांची माहिती नसताना, पाण्याच्या एकेका थेंबाचा विचार करून दिले. पण किरणांचे वाकणे म्हणजे अपवर्तन हे त्यामागचे एक कारण आहे, ही वाट ग्रोसटेस्ट यांनी दाखवली. याच ग्रंथात ते म्हणतात की पारदर्शक वस्तूंची योग्य रचना केली तर दूरची वस्तू अगदी जवळ दिसेल आणि अतिशय बारीक अक्षरे फार लांबून वाचता येतील. तेव्हा चष्माही निघाला नव्हता, दुर्बीण तर १६०८ ची.

दिनदर्शिकेची चूकही त्यांनी दाखवून दिली. त्या वेळच्या ज्युलियन पद्धतीत वर्ष सुमारे ११ मिनिटांनी मोठे धरले जाई. अकरा मिनिटे म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण १२८ वर्षांत त्यांचा एक पूर्ण दिवस होतो. त्यामुळे ईस्टरचा सण आकाशातील खऱ्या स्थितीपासून सरकत चालला होता. दुरुस्ती करा, असे ग्रोसटेस्ट यांनी आग्रहाने लिहिले. ती दुरुस्ती १५८२ मध्ये झाली, आणि त्यांच्या स्वतःच्या इंग्लंडने ती स्वीकारायला १७५२ उजाडले! विद्वानाने सांगितलेले कारभाऱ्यांनी ऐकायला पाचशे वर्षे लागली.

आता त्यांच्या जीवनातील दुसऱ्या भागाकडे येऊ, कारण माझ्या मते खरी कसोटी तेथेच होती.

१२२४ मध्ये संत फ्रान्सिस यांचे अनुयायी, म्हणजे फ्रान्सिस्कन साधू, इंग्लंडमध्ये आले. अंगावर जाडेभरडे कापड, जवळ पैसा नाही, भिक्षेवर जगणे. ऑक्सफर्ड येथे त्यांनी आपल्या साधूंसाठी एक साधी शाळा काढली आणि तेथे शिकवण्याची विनंती ग्रोसटेस्ट यांना केली. ते तेव्हा साठीच्या आसपास होते, नाव झालेले होते, १२२९ मध्ये लेस्टरचे आर्चडीकन म्हणजे बिशपच्या हाताखालचे मोठे अधिकारीही झाले होते. तरीही त्यांनी ही बिनमानाची शिक्षकी पत्करली आणि १२३५ पर्यंत केली. मध्ये १२३२ मध्ये मोठे आजारपण आले. त्यातून उठल्यावर त्यांनी आपल्याकडील सर्व चर्चची उत्पन्ने सोडून दिली, लिंकनची तेवढी एक ठेवली. बहीण मठात साध्वी होती, तिला पत्र लिहून त्यांनी हे कळवले. एकाच वेळी अनेक ठिकाणचे उत्पन्न खाऊन त्या ठिकाणची सेवा मात्र न करणे, हे त्यांच्या मनाला लागले होते.

येथे थोडे समजावून सांगायला हवे. प्रत्येक गावच्या चर्चला जमीन असे आणि गावकऱ्यांच्या पिकाचा दहावा हिस्सा मिळे. ज्याची तेथे नेमणूक होई त्याला हे उत्पन्न जन्मभर मिळत राही, आपल्याकडच्या वतनासारखे. त्या बदल्यात त्याने गावात राहून लोकांना धर्म शिकवायचा, आजाऱ्यांजवळ बसायचे, मरणाऱ्याला धीर द्यायचा. पण राजे, सरदार आणि पोप यांच्या दरबारातील मंडळी या नेमणुका आपल्या नातलगांना आणि कारकुनांना बक्षीस म्हणून देत. नेमलेला माणूस गावात कधी पाऊलही टाकत नसे. फार तर थोड्या पैशांत एखादा अर्धशिक्षित बदली ठेवून देई. गावाला गुरूच नाही आणि उत्पन्न मात्र जात आहे, अशी स्थिती.

१२३५ मध्ये ग्रोसटेस्ट लिंकनचे बिशप झाले. त्यांचा धर्मप्रांत इंग्लंडमध्ये सर्वात मोठा, उत्तरेस हंबरच्या खाडीपासून दक्षिणेस थेम्स नदीपर्यंत. ऑक्सफर्डही त्यातच. त्यांनी लगेच दौरे सुरू केले. ठिकठिकाणी पाद्र्यांना एकत्र बोलावून स्वतः उपदेश करायचा, मठांत जाऊन पाहणी करायची. आरंभीच्या पाहणीतच, १२३६ मध्ये, त्यांनी सात मठाधिपती आणि चार उपमठाधिपती यांना पदावरून दूर केले. इन्स्पेक्शन येणार म्हटल्यावर काय धावपळ उडते ते आपण जाणतोच.

पाद्र्यांसाठी त्यांनी जे नियम केले, त्यांत एक आपल्या शाळेतील प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. धर्माच्या मूळ गोष्टी प्रत्येक पाद्र्याला आल्या पाहिजेत आणि त्याने त्या लोकांना त्यांच्या बोलीत शिकवल्या पाहिजेत, असा तो नियम. त्या इंग्लंडमध्ये घरी इंग्रजी, वाड्यावर फ्रेंच आणि विद्यापीठात लॅटिन चाले. इंग्रजी ही तेव्हा खेडूतांची भाषा! ग्रोसटेस्ट यांनी ग्रंथ लॅटिनमध्ये लिहिले, सरदारांच्या घरच्यांसाठी फ्रेंचमध्ये एक दीर्घ धर्मकाव्य रचले, आणि सामान्य लोकांना इंग्रजीत शिकवण्याचा आग्रह धरला. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि मोठ्या परीक्षेला इंग्रजी अशा तीन भाषांत वाढणाऱ्या आपल्या मुलांना हे सहज कळेल. माझे स्वतःचे महाविद्यालयीन शिक्षण हिंदी माध्यमात झाले, पण आईने सांगितलेली गोष्ट अजून मराठीतच आठवते.

लिंकनच्या काउंटेस मार्गारेट या विधवा झाल्यावर, १२४० च्या सुमारास, त्यांनी घर आणि जमीन कशी सांभाळावी याचे नियम त्यांना लिहून दिले. आपल्या प्रत्येक गावची जमीन किती, नांगर किती, धान्य किती हे सारे लेखी ठेवावे. कोणत्या ऋतूत कोणत्या वाड्यावर मुक्काम करायचा हे तेथील साठा पाहून आधीच ठरवावे, म्हणजे कुठल्याही गावावर कर्जाचा भार पडणार नाही. मालकिणीने आपल्या खोलीत एकटीने न जेवता मोठ्या दालनात सर्वांसमोर बसून जेवावे. ताटात इतके वाढून घ्यावे की उजव्या-डाव्या बाजूच्यांना देता येईल. विश्वाची उत्पत्ती लिहिणारा माणूस धान्याच्या कोठाराचाही हिशेब सांगतो, याचे मला फार कौतुक वाटते.

नेमणुकांच्या बाबतीत मात्र ते कोणाचेच ऐकत नसत. एकदा एका मठवासी मित्राने एका तरुणाला गावच्या चर्चवर नेमावे म्हणून पाठवले. तो आला तो लाल भडक कपडे घालून, बोटांत अंगठ्या, सारा थाट शिलेदाराचा, आणि अक्षरओळख जेमतेम. त्याला परत पाठवले. दुसऱ्या वेळी राजाचे एक बडे न्यायाधीश विल्यम रॅले यांनी एका मुलासाठी शब्द टाकला. मुलगा अजून शाळेत कवी ओव्हिडचे धडे घेत होता आणि मास्तरांच्या छडीपुढे हात करीत होता. अशाच्या हाती गावातल्या माणसांचे आत्मे कसे सोपवायचे, असे ग्रोसटेस्ट यांचे म्हणणे. त्यांनी नकार दिला. पण नकार देऊन थांबले नाहीत. त्या मुलाला दुसरी सोय होईपर्यंत स्वतःच्या पैशांतून दर वर्षी दहा मार्क देण्याची त्यांनी तयारी दाखवली. मार्क म्हणजे त्या वेळच्या पौंडाचा दोन-तृतीयांश, म्हणजे ही रक्कम साडेसहा पौंडांहून जास्त होते. मुलाशी त्यांचे वैर नव्हते, त्याने शिकावे असेच त्यांना वाटे. फक्त न शिकलेल्याच्या हाती गाव द्यायचे नाही.

१२४४ मध्ये तर राजा तिसरे हेन्री यांच्या मर्जीतले रॉबर्ट पासल्यू हे चिचेस्टरचे बिशप म्हणून निवडले गेले. जंगलखात्याचे दंड वसूल करून राजाची तिजोरी भरणारे हे अधिकारी. त्यांची परीक्षा घेण्याचे काम ग्रोसटेस्ट यांच्याकडे आले आणि त्यांनी धर्मशास्त्राचे असे प्रश्न विचारले की पासल्यू नापास झाले. निवड रद्द झाली. राजा संतापला, पण परीक्षकाने गुण वाढवले नाहीत.

असा माणूस सहकाऱ्यांना प्रिय असणे कठीणच. लिंकनच्या कॅथेड्रलमधील ज्येष्ठ धर्मगुरूंच्या मंडळालाही त्यांनी पाहणी करू देण्यास सांगितले, तेव्हा ते मंडळ चवताळले. आमच्याच निवडीने हा हलक्या कुळातला माणूस वर चढला आणि आता आमच्यावर हुकूम चालवतो, असा त्यांचा राग होता. भांडण कित्येक वर्षे चालले. त्या काळचा इतिहासकार मॅथ्यू पॅरिस याने सांगितलेली एक गोष्ट अशी की, मंडळातील एक सदस्य कॅथेड्रलमध्ये लोकांपुढे बिशपची गाऱ्हाणी मांडत होता. आम्ही गप्प राहिलो तर हे दगडसुद्धा ओरडतील, असे तो बोलला मात्र, आणि मधल्या मनोऱ्याचे दगड खरोखरच कोसळले. मनोरा पडला हे खरे. त्याचा कौल कोणाच्या बाजूने होता हे दोन्ही पक्ष आपापल्या परीने सांगत राहिले असतील. अखेर १२४५ मध्ये पोप चौथे इनोसंट यांनी निकाल बिशपच्या बाजूने दिला.

या साऱ्या धामधुमीत त्यांचे एक काम शांतपणे चालू होते, आणि मोठ्या वयाच्या पालकांनी ते विशेष वाचावे. ग्रोसटेस्ट ग्रीक भाषा शिकत होते. साठीच्या आसपास त्यांनी ती गंभीरपणे हाती घेतली. तेव्हा इंग्लंडमध्ये ग्रीक येणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांनी दक्षिण इटलीतून ग्रीक जाणणारे लोक बोलावले, ग्रंथ मागवले, जुना ग्रीक कोश मिळवला. त्यांचे एक सहकारी जॉन ऑफ बेसिंगस्टोक अथेन्सला राहून आले होते. तेथे पाहिलेल्या एका हस्तलिखिताविषयी त्यांनी सांगताच ग्रोसटेस्ट यांनी माणसे पाठवून ते आणवले आणि १२४२ मध्ये त्याचे लॅटिन भाषांतर पूर्ण केले. ते ग्रीक हस्तलिखित आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. त्यानंतर १२४६-४७ च्या सुमारास, पंचाहत्तरीच्या घरात, अ‍ॅरिस्टॉटलचा नीतिशास्त्रावरील मोठा ग्रंथ त्याच्या ग्रीक टीकाकारांसह त्यांनी लॅटिनमध्ये आणला. पुढची दोनशे वर्षे युरोपातील विद्यापीठांत तो ग्रंथ मुख्यत्वे याच भाषांतरातून, त्यावर झालेल्या सुधारणांसह, वाचला जात होता. रॉजर बेकन या पुढच्या पिढीतील विद्वानाने ग्रोसटेस्ट यांची तोंडभर स्तुती केली आहे, आणि तोच सांगतो की भाषांतर करण्याइतक्या भाषा त्यांना आयुष्याच्या अखेरच्या काळातच आल्या.

चरित्र लिहिताना केवळ गुणच सांगणे योग्य नाही. १२३१ च्या सुमारास सायमन डी माँटफर्ट या सरदाराने लेस्टर शहरातून ज्यू लोकांना हाकलून दिले. विंचेस्टरच्या काउंटेसने त्यांतील काहींना आपल्या जमिनीवर आसरा दिला. त्या वेळी लेस्टरचे आर्चडीकन असलेल्या ग्रोसटेस्ट यांनी तिला पत्र लिहिले. ज्यूंना ठार मारू नये हे त्यांनी स्पष्ट सांगितले, पण त्यांना व्याजाचा धंदा करू देऊ नये, कष्टाच्या कामाला लावून ताबेदारीत ठेवावे, असेही लिहिले. बेघर झालेल्या कुटुंबांविषयी त्या पत्रात माया नाही. त्या काळी असेच विचार होते असे म्हणून मी ते झाकणार नाही, कारण त्याच काळात ती काउंटेस आसरा देत होती.

आता शेवटचा आणि सर्वात कठीण प्रसंग. १२५० मध्ये ऐंशीच्या घरातले ग्रोसटेस्ट प्रवास करून फ्रान्समधील लियाँ येथे गेले. पोप तेव्हा तेथे राहत होते. १३ मे रोजी पोप आणि त्यांचे कार्डिनल यांच्यासमोर त्यांचे निवेदन वाचण्यात आले. चर्चमधील रोगाचे मूळ नालायक धर्मगुरूंच्या नेमणुकीत आहे, आणि त्या नेमणुकांचे मूळ याच दरबारात आहे, असे त्यात तोंडावर सांगितले होते. काही बदलले नाही. थकून ते घरी परतले. मॅथ्यू पॅरिसच्या म्हणण्यानुसार १२५२ मध्ये त्यांनी हिशेब करवून घेतला, तेव्हा परदेशी धर्मगुरूंना इंग्लंडमधून दर साल सत्तर हजार मार्कांहून अधिक उत्पन्न जात असल्याचे दिसले.

आणि १२५३ च्या आरंभी पोपचा आदेश निघाला की लिंकनच्या कॅथेड्रलमधील एक जागा फ्रेडरिक दी लावान्या यांना द्यावी. हे फ्रेडरिक पोपचे पुतणे. इंग्लंडला येऊन ते काही सेवा करतील अशी कोणाचीही अपेक्षा नव्हती. आदेश असा बांधला होता की कोणतीही जुनी सवलत दाखवून तो टाळता येऊ नये. ज्या पोपनी आठ वर्षांपूर्वी आपल्या बाजूने निकाल दिला होता, त्यांनाच आता नाही म्हणायचे होते. शिवाय पोपची सत्ता ईश्वराने दिलेली आहे, असे ग्रोसटेस्ट मनापासून मानत. त्यांचे उत्तर म्हणूनच फार विचार करण्याजोगे आहे. पोपच्या पदाला दिलेला अधिकार लोकांच्या भल्यासाठी आहे, नासाडीसाठी नाही. हा आदेश लोकांच्या नासाडीचा आहे, म्हणून तो त्या पदाचा आदेश असूच शकत नाही. तेव्हा त्या पदाशी निष्ठा राखूनच मी तो पाळण्यास नकार देतो. अशा अर्थाचे पत्र त्यांनी पोपच्या इंग्लंडमधील अधिकाऱ्याला धाडले.

पत्र पोपकडे पोहोचल्यावर ते भयंकर संतापले, पण कार्डिनलांनी त्यांना आवरले, कारण हा बिशप विद्वान आणि शुद्ध आचरणाचा आहे, आणि त्याने लिहिलेले खोटे नाही हे सर्वांना माहीत आहे, असे मॅथ्यू पॅरिस लिहितो. हा इतिहासकार स्वतः मठवासी होता आणि मठांवर कडक हात ठेवणाऱ्या या बिशपवर त्याने पूर्वी बरीच टीका केली होती. मृत्यूनंतर मात्र त्यानेच त्यांचा गौरव लिहून ठेवला.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या ८ व ९ तारखांच्या दरम्यानच्या रात्री बकडन येथील आपल्या वाड्यात ग्रोसटेस्ट यांचे निधन झाले. त्यांना लिंकनच्या कॅथेड्रलमध्ये पुरण्यात आले. लोक त्यांना संत मानून समाधीला येत. त्यांना अधिकृतपणे संत म्हणून जाहीर करावे, असा प्रयत्न पुढे अनेकदा झाला. रोमने ते केले नाही. लिंकन येथे १८६२ मध्ये स्त्री-शिक्षकांसाठी सुरू झालेल्या अध्यापक महाविद्यालयाला नंतर त्यांचे नाव देण्यात आले होते.

आपली पुस्तके त्यांनी ऑक्सफर्डच्या त्या गरीब साधूंच्या शाळेला दिली. शतकांच्या उलथापालथीत ती विखुरली, पण काही आजही शिल्लक आहेत. त्यांच्या समासात बारीक खुणा दिसतात : टिंबे, रेघा, त्रिकोण, ग्रीक अक्षरे. वाचताना ज्या विषयाचा उल्लेख येई त्या विषयाची ठरलेली खूण ते शेजारी करीत, म्हणजे नंतर एखाद्या विषयावर कोणी काय म्हटले आहे ते चटकन सापडे. अशा चारशेहून अधिक खुणा त्यांनी ठरवल्या होत्या. त्यांची एक यादीही हाताने लिहिलेली उरली आहे, ती फ्रान्समध्ये लियाँच्या ग्रंथालयात आहे.